चवीपुरतं इन्सुलिन

मीठ मी आयुष्यात कधी मोजून घातलं नाही. हजार माणसांचं वरण असो की पाचशे माणसांची वांग्याची भाजी, मूठ भरायची, पातेल्याकडे एकदा बघायचं आणि टाकून मोकळं व्हायचं. मूठ कधी चुकलीच नाही असं मी म्हणत नाही. चुकली त्या दिवशी मठ्ठा जरा जास्त खपला, एवढंच. मी रनाळ्याचा धुडकू आचारी. चाळीसेक वर्षं लग्नाचा स्वयंपाक केला. आता गुडघे कुरकुर करतात म्हणून जवळपासचीच कामं घेतो. गावातल्या मास्तरांचा मुलगा या अंकाचं काम बघतो. तो म्हणाला, "आप्पा, धंद्यातल्या गमती लिहून द्या." गमती पुष्कळ आहेत. पण सगळ्यात मोठी गंमत माझीच झाली, आणि ती सांगायची तर आधी धंदा थोडा समजावून द्यावा लागेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा. स्वयंपाक काय, कोणाचीही आई करते. आचाऱ्याचं खरं काम वाट बघण्याचं. पत्रिकेत लग्न साडेअकराचं छापलेलं असतं आणि साडेअकराला नवरदेव गावाच्या वेशीवर मित्रांच्या खांद्यावर बसलेला असतो. डीजे बंद होत नाही तोवर लग्न लागत नाही, लग्न लागत नाही तोवर पंगत बसत नाही. इकडे वरण आटतं, बट्टी वातड होते, आणि पुरी तर अशी मानी की दहा मिनिटं थांबवली तरी रुसून बसते. म्हणून आम्ही कान लावून स्वयंपाक करतो. वरात देवळापाशी थांबली की बाजाचा आवाज घुमतो, वळणावर आली की मोकळा होतो. त्या आवाजावर मी तेल तापवतो. घड्याळावर विसंबणारा आचारी एका सीझनमध्ये धंद्यातून उठतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. प्रत्येक लग्नात एक चव बघणारे काका असतात. त्यांना कोणी नेमलेलं नसतं. ते दर अर्ध्या तासाने वाटी घेऊन येतात, "मीठ बघतो" म्हणतात आणि वाटीभर भाजी बघतात. पाच वेळा मीठ बघून झालं की पंगतीत बसतात आणि म्हणतात, भूक नाही. दुसरे शुगरवाले. हे मांडवात सगळ्यांसमोर बिनसाखरेचा चहा मागून घेतात, बायकोला दिसेल असा पितात, आणि मग भट्टीच्या मागच्या बाजूने येऊन हळूच म्हणतात, "आप्पा, एक जिलबी. लहानशी." मी लहानशी शोधून देत असे. मला तेव्हा त्यांची फार मौज वाटायची. मौज पुढे माझ्यावरच येणार होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या मामाने मला हा धंदा शिकवला. त्याचे नियम दोनच. पहिला, पंगत उठेपर्यंत आचाऱ्याने तोंडात घास घालायचा नाही. भरल्या पोटाच्या माणसाची जीभ झोपते, असं तो म्हणे. आणि यजमान उपाशी फिरत असताना आचारी जेवताना दिसला, की ते वऱ्हाड पुढची वीस वर्षं तेवढंच सांगत बसतं. पाकाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये ताणून बघायचा, तार आली की बोट चाटायचं, तेवढीच सवलत. दुसरा नियम, भट्टीवर दारू नाही. आमच्या धंद्यात ही मोठी गोष्ट. आग, धूर, तासन्‌तास ताटकळणं, त्यामुळे आचारी म्हटला की बाटली आलीच, असं लोक धरूनच चालतात. मी घेत नाही. फार सज्जन आहे म्हणून नव्हे. तरुणपणी एकदा तळोद्याकडच्या एका लग्नात मोहाची घेतली आणि नवरीच्या मामीच्या गळ्यात पडून रडलो. तेवढ्यावरच माझी हौस फिटली.

या दुसऱ्या नियमामुळे मला सुपडाबाई मिळाली. सुपडाबाई म्हणजे आमच्या पुऱ्या लाटणाऱ्या बायांची म्होरकी. तिचा नवरा दारूपायी गेला. वीसेक वर्षांपूर्वी ती माझ्या ओट्यावर आली, पदर खोचून उभी राहिली आणि काम मागायच्या आधी तिने विचारलं, "भाऊ, तुम्हना चुल्हावर कोन्ही दारू पेस का?"

मी म्हणालो, "नही."

"तुम्ही सोता?"

"मी बी नही."

दुसऱ्या दिवशी ती आठ बायका घेऊन आली. टेम्पोत बसून गावोगाव जायचं काम, कधी परगावी मुक्काम पडायचा. पण त्या आठ घरांतल्या माणसांना सुपडाबाईने शब्द दिला होता की धुडकूभाऊच्या भट्टीवर दारू नाही, आणि त्या शब्दावर बायका येत होत्या. त्यांच्यासारखी पुरी सगळ्या तालुक्यात कोणी लाटत नव्हतं. कडेला पातळ, मध्ये जाड, तेलात पडली की टम्म.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. पायावर तेल उडालं. आमच्या धंद्यात तेल उडणं म्हणजे शिंक येण्यासारखं, कोणी लक्ष देत नाही. पण ती जखम दोन महिने बरी होईना. बायको, मंगल, मला धरून नंदुरबारच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "काय काम करता?" मी म्हणालो, "आचारी. बुंदी, जिलबी, गुलाबजाम." ते कागदाकडे बघत म्हणाले, "तेच दिसतंय."

काही वर्षं गोळ्या झाल्या. गोळ्या मी मिठासारख्या घेत होतो, म्हणजे अंदाजाने. मग डॉक्टर म्हणाले, आता सुई. सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या जरा आधी, आणि सुई घेतली की जेवायचंच. सिस्टरने मला शेजारी बसवून सिरिंज दाखवली.

"आप्पा, या रेघेपर्यंत भरायचं."

"साधारण इथपर्यंत ना?"

"साधारण नाही. रेघेवर."

"सिस्टर, मी हजार माणसांचं मीठ डोळ्याने घालतो."

तिने सिरिंज खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "वरण खारट झालं तर तुम्ही पाणी घालाल. तुमचं बिघडलं तर मी तुमच्यात काय घालू?"

मी सिरिंज उचलली आणि रेघेवर भरून दाखवली.

घरी पहिल्या दिवशी मी पोट धरून डोळे मिटून बसलो. मंगल म्हणाली, "एवढी कढई एकटा उचलतस नि एवढीशी सुईले डोळा मिचतस?" पोटावर जागा शोधायचा प्रश्न नव्हता, आचाऱ्याचं पोट ते, जागा ऐसपैस. टोचलं तेव्हा मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. मग मी लगेच शेफारलो. एका संध्याकाळी जिलबीचा पाक पाहताना बोटं जरा जास्त चाटली गेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सुई दोन रेघा वर भरली. चवीपुरती. अकराच्या सुमारास मला दरदरून घाम सुटला, हात लटपटायला लागले, आणि मी मंगलशी अंगणातल्या झाडूवरून भांडण काढलं. भांडण नेहमीचंच, पण झाडू तिच्या हातात नव्हताच, तो माझ्या हातात होता. तिने ओळखलं आणि साखरेचं पाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत मी माणसात आलो.

सिस्टरने मला झाडलंच. साखर चढली तर लवकर कळत नाही, पण एकदम उतरली की माणूस डगमगतो, चिडतो, काहीबाही बोलतो, म्हणून सुई रेघेवर आणि खिशात कायम साखरेची पुडी, असं तिने बजावलं. पहिलं मी ऐकलं. दुसरं ऐकून मला हसू आलं. साखरेच्या गोणीला टेकून बसणाऱ्या माणसाने खिशात साखर ठेवायची?

खरी अडचण वेगळीच होती. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात आचारी धडधाकट दिसावा लागतो. एका आचाऱ्याच्या पायाला पट्टी दिसली म्हणून यजमानाने ऐन वेळी काम काढून घेतलेलं मी पाहिलं होतं. आपल्या दुखण्याचा बोभाटा झाला तर भट्टीसमोर आपल्याला कोण उभं करील, ही भीती माझ्या मनात बसली होती. मंगल सोडून कोणालाही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

इन्सुलिनची बाटली गारव्याला ठेवावी लागते, आणि भट्टीजवळ गारवा कुठला? पण आचाऱ्याकडे एक जागा असते. कोथिंबीर आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवतो. त्या जुड्यांच्या पोटात मी बाटलीचा डबा ठेवू लागलो. वेळ झाली की डबा काढायचा, मांडवाच्या मागे जायचं, स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवायचा, सुई घ्यायची, मंगलने दिलेली भाकरी उभ्याउभ्या खायची आणि तोंड पुसत परत यायचं. मामाचा नियम मोडत होतो, पण आडोशाला. आडोशाला मोडलेला नियम मला मोडल्यासारखा वाटत नसे.

सुपडाबाईच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा कोथिंबीर निवडताना तिच्या हाताला बाटली लागली.

"भाऊ, कोथिंबीरमा हाई काय शे?"

"केवडाना एसन्स," मी म्हणालो.

त्यावर कडी केली दगाने. दगा माझा जोडीदार आचारी, मनाने देवमाणूस, विचाराने घाईचा. त्याने बुंदीच्या पाकात टाकायला ती बाटली उचलली, टोपण काढायला गेला. मी पळत जाऊन हिसकावून घेतली आणि ओरडलो, "महागना शे तो!" दगा वरमला. सुपडाबाई पुरी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "इतला महागना एसन्स, न बुंदीमा कधी पडना नही." मी हसलो. ती हसली नाही. आता विचार केला की कळतं, तिला काय दिसत होतं. लपवलेली छोटी बाटली, मांडवाच्या मागे दोन खेपा, तोंड पुसत परत येणं, अंगाला स्पिरिटचा वास. तरी ती वर्षभर काही बोलली नाही. माझ्यावरचा विश्वास तिला सोडवत नव्हता.

मग ते तापीकाठचं लग्न आलं. केळी-उसाची मोठी शेती असलेलं गुजर पाटलांचं घर, एकुलती मुलगी, माणसं भली. सकाळी मी नेहमीप्रमाणे सुई घेतली आणि भाकरीचा डबा घ्यायला टेम्पोकडे गेलो, तर टेम्पो बर्फ आणायला गेलेला. डबा टेम्पोत. म्हटलं, येईल अर्ध्या तासात. टेम्पो पंक्चर झाला. म्हटलं, लग्न साडेअकराचं, बारापर्यंत जेवू. चाळीस वर्षं वराती बघितलेला माणूस मी, आणि त्या दिवशी पत्रिकेवर विश्वास ठेवला.

वाचणारा म्हणेल, अरे बाबा, समोर हजार माणसांचं अन्न, पाठीशी साखरेची गोणी, घे की मूठभर! अगदी बरोबर. पण पंगतीआधी खायचं नाही हे हाडात भिनलेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे आठ बाया बघत होत्या. आचारी साखर का खातो, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगणार? मी म्हटलं, आता येईलच वरात. आवाज वळणावर मोकळा झाला, मी तेल तापवलं, आणि डीजे देवळापाशी परत थांबला. मंडळींना तिथे नवं गाणं आठवलं होतं.

घाम आला. पण भट्टीपुढे घाम येणं हा काही आजार नसतो, म्हणून कळलं नाही. हात कापले तेव्हा कळायला हवं होतं, तोवर कळणारा माणूस जागेवर राहिला नव्हता. पुढचं मला अर्धवट आठवतं, उरलेलं दगाने सांगितलं. चव बघणारे काका वाटी घेऊन आले. मी त्यांची वाटी काढून घेतली आणि विचारलं, "तुमना घर मीठ नही का?" ही गोष्ट चाळीस वर्षं माझ्या मनात होती, पण विचारायची ती पद्धत नव्हती. गोंधळ ऐकून पाटील आले. त्यांना मी म्हणालो, नाच थांबवा, नाहीतर बुंदी गुरांना घालतो. मग मठ्ठ्याची बादली उचलली आणि शेगडीवरून उतरवलेल्या पाकात सगळी ओतली. ओतून झाल्यावर तेलाच्या कढईकडे झोकांडी गेली. दगाने मागून बंडी धरली म्हणून हे लिहायला उरलो. कढईऐवजी मी पाकाच्या परातीशेजारी बसकण मारली. हात कोपरापर्यंत कोमट पाकात.

आणि मला जी सवय चाळीस वर्षांची, तीच कामाला आली. मी बोटं चाटायला लागलो.

चाटत होतो आणि माणसं जमत होती. कोणीतरी मोबाइल काढला. मागून आवाज आला, "पिधेल शे." प्यालाय, असं ऐकून कोणी हसलं. दहा-पंधरा मिनिटांत पाक अंगात उतरला, डोळ्यांपुढचं धुकं गेलं, आणि समोर पाटील दिसले. रागावलेले नव्हते. त्यांचा चेहरा पडला होता.

"धुडकूभाई, तुम्हीसुद्धा?"

तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. त्या क्षणी मला बोलता येत होतं, डबा दाखवता येत होता, पोटावरचे टोचल्याचे ठिपके दाखवता येत होते. पण डोक्यात विचार आला तो असा की पिणाऱ्या आचाऱ्याला लोक हसतात आणि पुन्हा बोलावतात, दुखणेकरी आचाऱ्याला हसत नाहीत आणि बोलावतही नाहीत. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "चुकलं, पाटील. आज जरा जास्त झाली."

पाटलांनी मला सावलीत निजवायला सांगितलं. बुंदी गेली होती. दगाने आणि सुपडाबाईने अर्ध्या तासात रव्याचा शिरा उभा केला, वऱ्हाड जेवलं, लग्न पार पडलं. सुपडाबाईने तिच्या वाटणीचं सगळं काम केलं, एक पुरी कमी लाटली नाही. परतताना मात्र ती नेहमीसारखी मागे, माझ्या समोर बसली नाही. ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली आणि रनाळे येईपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या कामाच्या सकाळी एकही बाई आली नाही. दगा निरोप घेऊन आला, "आप्पा, सुपडाबाई म्हने, तठे आम्हनं काम नही."

आणि माझा हिशेब किती बरोबर होता पाहा! तो व्हिडिओ गावोगाव फिरला आणि काम एकही गेलं नाही. दोन यजमान तर हसत म्हणाले, "आप्पा, लग्न लागेपर्यंत दम काढा बरं का." त्यांच्याबरोबर मीही हसलो. घरी मंगलच्या बहिणीने तिला तो व्हिडिओ पाठवला होता. मंगलने तो बघितला, मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "मन्हा नवरा पेत नही, इतलंच एक सांगाले व्हतं मनाजोगतं. तेबी तुम्ही ठेवं नही." मग चुलीकडे वळून म्हणाली, "सुपडाबाईले सांगा जाईसन. नहीतर मी सांगसू."

मी आठवडा घालवला. भाड्याने पुऱ्या लाटणारे आणले. त्यांच्या पुऱ्या बघून मला रडू येत होतं ते पुऱ्यांमुळे, असं मी स्वतःला सांगत होतो. शेवटी एका सकाळी डबा घेऊन निघालो.

सुपडाबाई अंगणात खाटेवर बिबड्या वाळत घालत होती. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. मला बघून तिने हात थांबवला नाही. मी डबा उघडला, बाटली आणि सिरिंज खाटेच्या कडेला ठेवली, शर्ट वर केला आणि पोट दाखवलं. सगळं सांगितलं. बिबडी पसरता पसरता तिने बाटलीकडे बघितलं. मी सांगितला होता तो एसन्स नव्हता आणि तिला वाटत होती ती दारूही नव्हती.

"कितला दिन जायात?"

"दोन वरीस."

"दोन वरीस मन्हा हातखाले कोथिंबीरमा व्हती. न माले सांगं नही."

"लाज वाटनी, सुपडाबाई."

आता तिने हात थांबवला. "दुखनं सांगानी लाज वाटनी. न दारुड्या म्हनी लेवानी लाज वाटनी नही?"

मी वर केलेला शर्ट खाली ओढला.

"मी आठ घरना मानसेसले शब्द देल व्हता, भाऊ. धुडकूभाऊना चुल्हावर दारू नही. त्या मानसे तो व्हिडिओ दखाडीसन माले हासनात. मन्हा घरना माणूस गया तवय मी इतली खाले दखेल नही, जितली त्या दिन दखी."

हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. माझं काम जाईल का, माझ्याकडे लोक कसे बघतील, याचा मी बारीक विचार केला होता. सुपडाबाईने स्वतःचा शब्द माझ्यावर लावला होता, आणि मी तो पाकात मठ्ठा ओतावा तसा ओतून टाकला होता, तोही शुद्धीवर असताना. त्या खाटेशेजारी उभं राहून मला जेवढी लाज वाटली तेवढी पाटलांच्या परातीशेजारी बसून वाटली नव्हती. मी म्हणालो, मी त्या आठही घरांत जातो.

गेलो. दोन दिवसांत आठ घरं. प्रत्येक घरी बाटली दाखवली, शर्ट वर करून पोट दाखवलं. इतक्या लोकांनी माझं पोट माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. एक म्हातारा बाटली उन्हात धरून म्हणाला, "आप्पा, हाई लिधी म्हंजे चढस का थोडी?" एका घरात बाईने आतून आपल्या सासूची तशीच बाटली आणून माझ्या बाटलीशेजारी ठेवली आणि चहा टाकायला गेली, बिनसाखरेचा. पाटलांना फोन केला. ते म्हणाले, "धुडकूभाई, खळ्यात केळीचे घड लटकत होते. आणि तुम्ही माझ्या दारात उपाशी पडलात?" ते वाक्य मला अजून टोचतं, सुईपेक्षा पुष्कळ जास्त.

गोष्ट पसरली तशी एका यजमानाने खरोखरच काम काढून घेतलं. म्हणाला, आमच्याकडे मोठी माणसं येणार आहेत. म्हणजे माझी भीती अगदीच खोटी नव्हती. पण एकच.

बाया परत आल्या. पहिल्या सकाळी मी सुई घेतली, या वेळी भट्टीपाशीच, सगळ्यांदेखत. सुपडाबाई सरळ माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "तोंड उघाडा."

"काय?"

"तोंड उघाडा म्हनं ना."

मी उघडलं. तिने सगळ्या बायांसमोर, दगासमोर, यजमानासमोर माझं तोंड हुंगलं. मग मागे वळली, भाकरी-भाजीची थाळी आणून माझ्या हातात दिली आणि पोळपाटाकडे गेली. यजमान बुचकळ्यात पडले. पंगत बसायची होती आणि आचारी जेवत होता. सुपडाबाई लाटता लाटता त्यांना म्हणाली, "आप्पानी सुई लिधी शे. पहिले त्या जेवतीन." सुपडाबाईला बोलणारा यजमान अजून जन्मायचा आहे.

मग तो रिवाजच पडला. सुई, तोंड, थाळी. दोन लग्नसराया असं चाललं. बाया तोंडावर पदर धरून हसायच्या, दगा मुद्दाम वेळेवर हजर राहायचा, चव बघणारे काकासुद्धा ते बघायला यायचे. मीही सकाळी दात जरा जास्त घासून जाऊ लागलो. वीस वर्षं जे मला न विचारता मिळत होतं, ते आता रोज सकाळी तोंड उघडून मिळवावं लागत होतं. मी तक्रार केली नाही. सुई रेघेवर भरायला शिकलो होतो, हेही शिकलो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याच गावात काम होतं. वरात त्या दिवशी कधी नव्हे ती वेळेवर निघालेली. मी सुई घेतली, डबा मिटला आणि सवयीने तोंड उघडून उभा राहिलो. सुपडाबाई थाळी घेऊन आली. थाळी माझ्या हातात दिली आणि पदराने कपाळ पुसत वळली.

हुंगलं नाही.

मी तसाच उभा. ती दोन पावलं गेली आणि मागे बघून म्हणाली, "तोंड उघाडं टाकीसन काय उभा शेतस, भाऊ? जेवा ना. भाकर गार व्हई ऱ्हायनी."

मी खाली बसलो. पहिला घास तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. भट्टीचा धूर होताच, त्यामुळे कोणाला काही विचारावं लागलं नाही. तेवढ्यात बाजाचा आवाज वळणावर मोकळा झाला आणि दगा ओरडला, "वरात ऊनी! आप्पा, तेल तपनं, उठा!"

सुपडाबाईने मान वरसुद्धा केली नाही. पोळपाटावर पुरी फिरवत म्हणाली, "ऱ्हाऊ दे उभी वरात. मन्हा भाऊ जेवी ऱ्हायना."